माझ्या आवाजावर पास झालेलं मशीन

माझा आवाज मोठा झाला आहे, हे मला बायकोनं सांगितलं. आमच्या लग्नाला तेव्हा फार दिवस झाले नव्हते. जेवताना मी मीठ मागितलं, आणि भिंतीपलीकडून शेजारच्या काकूंनी विचारलं, "आमच्याकडचं देऊ का?" बायकोनं मीठ पुढे सरकवलं आणि म्हणाली, "घरात कुणी पेशंट नाही. जरा हळू."

मला फार अपराधी वाटलं. तसं मला कशानंही वाटतं. पुढचे काही दिवस मी घरात इतक्या हळू बोलायला लागलो, की बायको दर वाक्याला "काय?" म्हणायची. शेवटी तिनंच सांगितलं, "ओरडत होता तेच बरं होतं."

दोष धंद्याचा होता. मी कान तपासतो आणि ऐकायची मशीनं बसवतो. दिवसभर ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्याशी बोलायचं म्हणजे मोठ्यानं, सावकाश, शब्द सुटे करून, तोंड समोर ठेवून बोलावं लागतं. ही सवय हाडात गेली. रस्त्यात कुणी पत्ता विचारला तरी मी त्याच्या समोर येऊन, ओठ नीट हलवून सांगतो. लोकांना वाटतं, हा माणूस आपल्याला येडं समजतो.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी शिरूरला बाजारपेठेत एका औषधाच्या दुकानामागची खोली घेतली. आतल्या अंगाला कान तपासायचा कोनाडा केला. त्याला बाहेरचा आवाज अडवणारं अस्तर लावायचं, असं पुस्तकात होतं. ते परवडणार नव्हतं, म्हणून आईनं शिवलेल्या गोधड्या चारी बाजूंनी खिळल्या आणि मोकळ्या जागी अंड्यांचे ट्रे ठोकले. आत ऊब यायची. न्हावऱ्याकडचे एक आप्पा त्यात तपासायला बसले. मी कानाला हेडफोन लावला, सांगितलं, "शिट्टी ऐकू आली की बोट वर करा." बोट वर होईना. मी आवाज चढवत गेलो, चढवत गेलो. तपासणीच्या मशीनचा काटा शेवटाला टेकला. असा ठार बहिरा माणूस मी पहिल्यांदाच बघत होतो, आणि त्यांच्या मुलाला ही बातमी कशी सांगावी याची मनात जुळवाजुळव करत होतो. तेवढ्यात आप्पा घोरायला लागले.

सगळे मला डॉक्टर म्हणायचे. मी डॉक्टर नाही. मी या विषयाचं वेगळं शिक्षण घेतलेलं आहे, त्याला एक लांब इंग्रजी नाव आहे, ते शिरूरमध्ये कुणी उच्चारलं नाही. सुरुवातीला मी प्रत्येकाला प्रामाणिकपणे सांगायचो, "मी डॉक्टर नाही." समोरचा विचारायचा, "मग डॉक्टर कवा येणार?" आणि बाकड्यावर वाट बघत बसायचा. पुढे मी सांगणं सोडलं. त्याचंही वाईट वाटायचंच.

दर मंगळवारी मी एसटीनं चौफुल्यावरून दौंडला जायचो. तिथं स्टेशनजवळ एक खोली आठवड्यातून एक दिवस भाड्यानं मिळायची. कान तपासायला दौंड स्टेशनजवळची खोली घेणं हा निर्णय माझाच, त्यात दुसऱ्या कुणाला गोवता येत नाही. गाडी आली की खिडकीची तावदानं थरथरायची. मी भिंतीवर गाड्यांचं वेळापत्रक लावलं आणि दोन गाड्यांच्या मधल्या वेळात तपासणी बसवायला लागलो. मालगाड्यांना मात्र वेळापत्रक नसतं. पेशंट बहुतेक रेल्वेतले, कुणी इंजिनावर आयुष्य काढलेलं, कुणी इंजिनं दुरुस्त करायच्या शेडमध्ये. त्यांना माझी शिट्टी ऐकू यायची नाही, पण लादीवरच्या पायाला गाडी आधी कळायची. "थांबा डॉक्टर, मालगाडी हाय. भरल्याली हाय." मग आम्ही दोघं गप्प बसायचो. त्यांचं बोट तसंच वर आणि माझं मशीनच्या बटणावर.

तेव्हाचं ऐकायचं मशीन म्हणजे खिशात ठेवायची डबी. तिच्यातून वायर निघून कानात जायची. आत पेन्सिल सेल. शर्टाचं कापड घासलं की कानात पाऊस पडल्यासारखा आवाज. म्हातारे ती डबी बनियनच्या आत लपवायचे, म्हणजे बनियन ऐकायचे, माणसं नाही. मग कानामागं बसणारी छोटी मशीनं आली. त्यांच्या बुडाशी बारीक स्क्रू असायचा. तो मी घड्याळजीसारखा फिरवायचो आणि विचारायचो, "आता? आता कसं?" लोक म्हणायचे, "ब्येस." मला ते काम आवडायचं. आपण काहीतरी करतो आहोत असं त्यात दिसायचं तरी.

दोन हजार सालाच्या पुढे सगळं भराभर बदललं. चष्म्याच्या दुकानात काउंटरवर ऐकायची मशीनं मिळायला लागली. निवडणूक आली की मंडपात डब्या फुकट वाटल्या जायच्या. कान न तपासताच सगळ्यांना एकसारखी डबी. टपालानं मशीन मागवणारेही होते. मी या सगळ्यांना नावं ठेवायचो आणि या सगळ्यांना घाबरायचो. त्याच सुमारास एका कंपनीचा प्रतिनिधी आला. टाय लावलेला, माझ्यापेक्षा वयानं बराच लहान. आम्हा दहा-बारा जणांना त्यानं पुण्यातल्या एका हॉटेलात बोलावलं, जेवण दिलं आणि पडद्यावर डिजिटल मशीन दाखवलं. "आता मशीन स्वतः विचार करतं," तो म्हणाला. "बोलणं कुठलं, गोंगाट कुठला, ते त्याला कळतं. गोंगाट ते दाबून टाकतं."

मी विचारलं, "मग आम्ही काय करायचं?"

"सर, तुम्ही फक्त क्लिक करायचं."

सगळे हसले. मीही हसलो, आणि कर्ज काढून लॅपटॉप घेतला. दौंडच्या खोलीत तो पहिल्यांदा उघडला तेव्हा बाकड्यावरचे सगळे पेशंट उठून माझ्या पाठीमागे उभे राहिले. पडद्यावर रंगीत रेषा वर-खाली होत होत्या. एक जण म्हणाला, "आता कुठं डॉक्टर वाटाय लागले." तो सबंध दिवस मी छाती काढून बसलो होतो. ही गोष्ट मी अजून बायकोला सांगितलेली नाही.

चाचा माझे जुने पेशंट. शेडमध्ये फिटर होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली. त्यांच्या दोन पिढ्या दौंडातच गेल्या. माझ्याकडचीच डबी वापरायचे. एका मंगळवारी ते गर्दी संपेपर्यंत बसून राहिले आणि मग खुर्ची माझ्याजवळ ओढून म्हणाले, "डॉक्टर, नातीचं लगीन ठरलं. आता मला चांगलं मशीन पायजे. बारीक आवाज ऐकू आला पायजे."

मी म्हटलं, "अभिनंदन चाचा. बारीक म्हणजे केवढा?"

"पोरगी निकाहला 'कबूल' म्हणती, तेवढा."

मग त्यांनी समजावून सांगितलं. निकाहच्या वेळी नवरी बायकांच्या खोलीत असते. तिच्या बाजूचा वकील, म्हणजे कोर्टातला नव्हे, तिच्या वतीनं बोलणारा घरातला माणूस, दोन साक्षीदार घेऊन आत जातो, तिला विचारतो, तिची कबुली स्वतःच्या कानांनी ऐकतो आणि बाहेर येऊन काझींना सांगतो. या नातीचे वडील, म्हणजे चाचांचा मुलगा, ती लहान असतानाच वारले होते. तिला चाचांनीच वाढवलं. वकील तेच होणार होते.

"नुसती मान हलवली तर चालत नाही का?" मी विचारलं.

"चालतं. लोकांला सगळं चालतं." त्यांनी दाराकडे बघून घेतलं. "माझ्या पोरीच्या लग्नात मीच वकील होतो. तवा कान नुकते गेलेले. लाजंपायी कुणाला सांगितलं न्हाई. आत गेलो, विचारलं. ती काय बोलली मला काय बी ऐकू आलं न्हाई. बायका म्हणल्या, बोली बोली. मी बाहीर येऊन काझीसायबांला सांगितलं, मी ऐकलं." त्यांनी डबी खिशात सरळ केली. "पोरगी सुखात हाय. तसं काय न्हाई. पर मी अल्लाच्या नावानं खोटी साक्ष दिली, डॉक्टर. ह्या टायमाला मला खरं बोलायचंय."

मी स्वतः अपराधीपणाच्या बाबतीत जुना खेळाडू, पण याच्यापुढे माझी सगळी जमापुंजी चिल्लर वाटली. चाचांना मशीन द्यायचं ते सगळ्यात चांगलं, असं मी तिथंच ठरवलं. आणि सगळ्यात चांगलं म्हणजे डिजिटल, यात मला त्या काळात शंकाच नव्हती.

कानाचा साचा घेतला, मशीन मागवलं. लग्नाच्या आठवडाभर आधी ते बसवलं. लॅपटॉपवर रेषा जुळवल्या, गोंगाट दाबण्याची सोय पुरेपूर चालू केली. लग्नघर म्हणजे गोंगाट येणारच, असा माझा हिशेब. चाचांनी दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, "जुन्याएवढं जोरात न्हाई."

"चाचा, हे जोरात देत नाही, स्पष्ट देतं," मी त्या टायवाल्या मुलाचं वाक्य त्याच्याच सुरात म्हटलं. "सवय होईल."

मग परीक्षा घेतली. खरं तर नातीला घेऊन या, तिच्याच आवाजात बघू, असं मी म्हणालो होतो. पण लग्न तोंडावर आलेलं, नवरी आता घराबाहेर पडणार नव्हती. म्हणून मीच नवरी झालो. चाचांच्या समोर बसलो, आवाज अगदी बारीक केला आणि म्हणालो, "कबूल."

"कबूल," चाचा म्हणाले.

"कबूल है."

"कबूल है. ऐकू येतंय की हो."

बाहेर बाकड्यावर बसलेल्या बाईंनी आत डोकावून विचारलं, "कुणाचं लगीन लागतंय?" तेव्हाच मला कळायला हवं होतं. माझा अगदी बारीक आवाज भिंतीपलीकडे गेला होता. शिवाय मी समोर बसलो होतो, ओठ नीट हलवत, दर शब्द सुटा करत. माझ्या आवाजावर पास होण्यासाठी मशीनची गरजच नव्हती. एखादी दगडी मूर्तीही पास झाली असती.

लग्नाचं आमंत्रण मला होतंच. मी शर्ट इस्त्रीचा घातला आणि लॅपटॉपची बॅग खांद्याला लावली. बायको म्हणाली, "आहेराला लॅपटॉप देताय का?" मी म्हटलं, असू दे, लागला तर. आत्मविश्वास असलेला माणूस लग्नाला असं सामान घेऊन जात नाही, हे तिच्या तोंडावर दिसत होतं.

मांडव घरापुढेच घातला होता. मी मुद्दाम नवरीच्या खोलीच्या खिडकीजवळची खुर्ची धरली. खिडकीला पडदा होता, पण ऐकू सगळं येत होतं. एका बाजूला जनरेटर घरघरत होता, दुसऱ्या बाजूला आचारी भांडी आपटत होते, आत बायका ढोलक घेऊन बसलेल्या. काझी समोर गादीवर कागद घेऊन बसले. चाचा नवी शेरवानी आणि कानामागं नवं मशीन घालून दोन साक्षीदारांबरोबर आत गेले. ढोलक थांबलं.

चाचांनी विचारलं. मोठ्या, ठणठणीत आवाजात, अमक्याचा मुलगा अमका, मेहेरची रक्कम इतकी, तुझा निकाह कबूल आहे का. मग शांतता. जनरेटर तेवढा चालू.

"हां, बोली," एक बाई म्हणाली. "मुबारक हो."

"क्या बोली?" चाचांचा आवाज.

"कबूल बोली ना चाचा."

"वो तुम बोल्या. वो क्या बोली?"

आत हशा पिकला. चाचांनी पुन्हा विचारलं. पुन्हा शांतता, पुन्हा बायकांचं "बोली, बोली". दोघा साक्षीदारांपैकी एक म्हणाला, "आम्ही दोघांनी ऐकलं चाचा, चला."

"तुमने सुन्या. मेरेको नई सुनाई दिया. वकील मैं हूं."

मी खुर्चीत आकसत चाललो होतो. डोक्यात ते हॉटेल, तो पडदा. मशीन स्वतः विचार करत होतं. जनरेटर म्हणजे गोंगाट, बायका म्हणजे गोंगाट, आणि डोक्यावरून ओढणी घेतलेल्या, मान खाली घातलेल्या एका मुलीचा दबलेला शब्द म्हणजेही त्याच्या मते गोंगाटच. ते सगळं इमानदारीनं दाबत होतं. मीच त्याला तसं सांगितलं होतं.

चाचांचा पुतण्या बाहेर आला. लग्नाची सगळी धावपळ त्याच्याकडे होती आणि तो घामानं भिजला होता. "डॉक्टर, आवो सेल गेला का बघा मशीनचा."

सेल गेलेला नव्हता, हे मला माहीत होतं. पण माझ्या हातात तेवढंच होतं. खिडकीच्या गजातून मशीन बाहेर आलं, मी नवा सेल घातला आणि मशीन गजातून परत आत दिलं. हे करताना आख्खा मांडव माझ्याकडे बघत होता. नवऱ्याकडच्या एका पाहुण्यानं शेजाऱ्याला विचारलं, "हा कोण?" शेजारी म्हणाला, "मशीनवाला. त्याच्यामुळं अडलंय."

तिसऱ्यांदा विचारलं. तिसऱ्यांदाही तेच. आता आतलं हसणं थांबलं होतं. काझींनी निरोप पाठवला, की नवरीनं मान हलवली तरी पुरे आहे, साक्षीदारांनी ऐकलं आहे, वेळ होतो आहे. पुतण्यानं तो चाचांच्या कानात ओरडून सांगितला.

"चलता होगा," चाचा म्हणाले. "मेरेको नई चलता. मैं बाहर जाके झूठ नई बोलूंगा." मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. मला वाटलं नव्हतं त्यांना एवढं हळू बोलता येतं. "बेटी, तुझी मर्जी हाय का न्हाई, मला तुझ्या तोंडानं ऐकायचंय. न्हाई म्हणलीस तरी चालंल. पर ऐकू येऊ दे."

मी खुर्चीवरून उठलो. उठून काय करणार होतो, ते मला आजही माहीत नाही.

"कबूल है, दादा."

हे मी ऐकलं. माझ्या शेजारच्यानं ऐकलं, आचाऱ्यानं झारा हातात धरून ऐकलं.

"कबूल है. कबूल है."

दर वेळी आवाज आधीपेक्षा मोठा. तिसरा तर रस्त्यावरच्या रिक्षावाल्यानं वळून बघावं इतका. मग नवऱ्याच्या मित्रानं त्याच्या पाठीत थाप मारली. "घे. दौंड जंक्शनला अनाउन्समेंट झाली तुझी." नवरा फुलांच्या सेहऱ्याआड लाल झाला असावा, दिसलं नाही.

चाचा बाहेर आले. गादीपुढे उभे राहिले, हात छातीवर ठेवला आणि काझींना म्हणाले, "मैंने सुन्या. अपने कानों से सुन्या."

जेवणाच्या पंगतीत मी त्यांना गाठलं. बिर्याणीचं ताट बाजूला सारून लॅपटॉप उघडला, वायर जोडायची म्हणून मशीन त्यांच्या कानातून काढून घेतलं आणि गोंगाट दाबणारी ती सोय बंद करायला लागलो. काम करता करता मनातलं बाहेर पडलं. चाचा, चूक माझी आहे. मी तुमचं मशीन माझ्या आवाजावर तपासलं. मी आधीच ओरडतो. मला ते नवीन मशीन कुणाला तरी बसवायची घाई झाली होती, तुम्ही सापडलात. तुमची एवढी मोठी गोष्ट, आणि मी रेषा जुळवत बसलो. असं बरंच. बोलून झाल्यावर वर बघितलं तर सबंध पंगत हात थांबवून माझ्याकडे बघत होती. चाचा तेवढे शांतपणे जेवत होते. त्यांचं मशीन माझ्या हातात होतं.

मी ते परत त्यांच्या कानात बसवलं. त्यांनी आजूबाजूला पाहिलं. "काय झालं? सगळे गप का?"

"डॉक्टर माफी मागत होते," पुतण्या म्हणाला. "पार तुमच्या लग्नापासूनची."

"कशाची माफी?"

मी पुन्हा सुरू करणार, तेवढ्यात पुतण्या म्हणाला, "नको डॉक्टर, पलीकडच्या पंगतीला जेवायचंय अजून."

चाचांनी माझं ताट माझ्यापुढे ओढलं. "तुम्हाला सांगू का? ती पोरगी लहानपणापास्नं हळू बोलती. आज पहिल्यांदा मोठ्यानं बोलली. आवाज बापावर गेलाय. इतकी वर्षं माझ्या घरात हाय, आन् मला ठावं नव्हतं." त्यांनी एक घास घेतला. "जेवा आता. गार होतंय."

मी जेवलो. गार झालेलंच होतं.

संध्याकाळी पाठवणीच्या वेळी मी निघून जायला हवं होतं, पण शेवटची एसटी सुटायला अवकाश होता, आणि खरं सांगायचं तर माझा पाय निघत नव्हता. नवरी गाडीत बसण्याआधी चाचांच्या गळ्यात पडली. बायका रडत होत्या, गाडीचं इंजिन चालू होतं, तिकडे मालगाडी येत होती. मी पाच-सहा पावलांवर बॅग धरून उभा होतो. तिनं त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवूनच काहीतरी सांगितलं. ओठ हललेले दिसले, तेही अर्धेच. मला एक अक्षर ऐकू आलं नाही.

चाचांनी मान हलवली. ती मान मला ओळखीची होती. ज्यांना ऐकू येत नाही ती माणसं समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून अशीच मान हलवतात. अशा हजार माना मी पाहिलेल्या आहेत.

मग ते म्हणाले, "घेतो की. सकाळची गोळी घेतली. ती पांढरी जेवल्यावर घ्यायची हाय, म्हायती हाय मला. तू जा आता."